कासव सीमा ओलांडते, संरक्षण मात्र किनाऱ्यावरच

मार्च २०२५ मध्ये घानाची राजधानी अक्रा येथे सागरी कासवांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अशा परिषदांनंतर आसपासचे किनारे प्रत्यक्ष पाहण्याची संधी अभ्यासक सहसा सोडत नाहीत. पश्चिम आफ्रिकेत तर त्यांच्यासाठी पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

अक्राच्या पूर्वेस, व्होल्टा नदीच्या मुखाजवळ आदाचा किनारा आहे. ऑलिव्ह रिडले, लेदरबॅक आणि हिरवे कासव या ३ जातींच्या माद्या येथे रात्री वाळूत अंडी घालतात. कोकणात वेळासला येणारे कासवही ऑलिव्ह रिडलेच. आदा परिसरातील दांगमे समाज कासवाला पूज्य मानतो. घानाच्या कायद्यानेही त्याला संरक्षण दिले आहे. तरीही अंड्यांची चोरी, भटकी कुत्री आणि किनाऱ्याची धूप ही संकटे टळलेली नाहीत.

वायव्येकडे गिनी-बिसाऊच्या बिजागोस द्वीपसमूहात पोइलाओ हे चिमुकले बेट आहे. हिरव्या कासवांचे आफ्रिकेतील हे सर्वांत मोठे विणीचे ठिकाण. बिजागोस समाजासाठी हे बेट पवित्र असल्याने तेथे सहजासहजी कोणी पाऊल ठेवत नाही. श्रद्धेने राखलेल्या या बेटाला २००० साली राष्ट्रीय उद्यानाचे कवच मिळाले. २०२५ मध्ये बिजागोसच्या सागरी परिसंस्थेचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

खरा प्रश्न पुढे उभा राहतो. पोइलाओवरील माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसविली, तेव्हा त्यांतील काही माद्या सेनेगलचा किनारा ओलांडून थेट मॉरिटानियाच्या बांक दार्गें उद्यानात, समुद्री गवताच्या कुरणांत पोहोचल्याचे आढळले. हा प्रवास सुमारे १,००० किलोमीटरचा. कासव फुप्फुसाने श्वास घेते. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिले तर ते गुदमरून मरते. वयात येण्यास त्याला अनेक वर्षे लागत असल्याने एका प्रौढ मादीची हानी लवकर भरून निघत नाही.

आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील देशांनी याच जाणिवेतून १९९९ मध्ये आबिजान येथे सामंजस्य करार केला. तो कायद्याने बंधनकारक नाही. त्यामुळे एका देशाने डोळ्यांत तेल घालून जपलेली मादी शेजारच्या देशाच्या जाळ्यात सापडणार नाही, याची हमी आजही कोणी देऊ शकत नाही.