अणुवीज उशाशी आणि मोटार पेट्रोलवर

देशातील पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून ज्या पंचक्रोशीत वीज निर्माण करीत आले आहे, त्या तारापूरच्या शेजारी बोईसरात राहणाऱ्या सदनिकाधारकाला विजेची मोटार घेताना अद्याप धाकधूक का वाटावी, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

त्याचे उत्तर विजेच्या तुटवड्यात शोधू नये. घरगुती सॉकेटवर लावलेली मोटार सुमारे ३.३ किलोवॉट ओढते. पालघर-बोईसर पट्ट्यात अशा १०,००० मोटारी एकाच क्षणी जोडल्या, तरी मागणी ३३ मेगावॉटची, म्हणजे तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या एका संचाचा जेमतेम सोळावा हिस्सा. शिवाय अणुभट्टी अहोरात्र एकाच लयीत चालावी हे इष्ट, आणि मोटारीला वीज भरण्याचा सोयीचा प्रहरही रात्रीचाच. हा योग मला फार सुंदर वाटतो! पल्ल्याची भीतीही अतिरंजित आहे: आठ तासांत पंचवीसेक युनिट मिळाले आणि युनिटमागे सहा किलोमीटर धरले, तरी दीडशे किलोमीटरांची बेगमी होते, जिच्यापुढे स्थानक ते एमआयडीसी हा नित्याचा फेरा किरकोळ ठरतो. किमतीचा अडसर खरा आहे, परंतु ज्यांना ती परवडते असे लोकही थबकतात, आणि त्यांचा पाय अडतो तो इमारतीच्या तळमजल्यावर.

येथे फिलाडेल्फियाच्या हेन्री मॉरिस आणि पेद्रो सालोम या जोडीचे स्मरण अपरिहार्य आहे. फोर्डच्या कीर्तीच्या छायेत त्यांची नावे लोपली, याची मला नेहमी खंत वाटते. १८९४ मध्ये त्यांनी ‘इलेक्ट्रोबॅट’ नामक विजेची गाडी बांधली, आणि १८९७ मध्ये न्यूयॉर्कात अशा गाड्या भाड्याने चालू लागल्या, तेव्हा शिशाची अवजड बॅटरी भरेपर्यंत गाडी खोळंबू नये म्हणून आगारात यंत्राच्या साहाय्याने रिकामी बॅटरी उतरवून भरलेली चढविण्याची तजवीज करण्यात आली, आणि हे काम काही मिनिटांत उरके. गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी तिच्या विजेचा ठावठिकाणा निश्चित केला पाहिजे, ही त्यांची दूरदृष्टी आपल्या धोरणकर्त्यांना सव्वाशे वर्षांनीही पुरती साधलेली नाही.

जुन्या इमारतींत वाहनतळ सामाईक आणि मीटर जिन्याखाली; तेथून गाडीपर्यंत जाणारी केबल कोणाच्या मालकीची, देयक कोणाच्या नावे, आगीची जोखीम कोणाच्या शिरावर, या प्रश्नांची रुजवात होईपर्यंत सभासदाचा अर्ज दप्तरी पडून राहतो आणि ना-हरकतीचा ठराव सर्वसाधारण सभेत तहकूब होतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची तरतूद सुचविली खरी. पण तिचा रोख नव्या बांधकामांकडे आहे, आणि बहुसंख्य लोक तर आधीच उभ्या असलेल्या इमारतींत राहतात.

सभेतील एक शंका मात्र शास्त्रीयदृष्ट्या रास्त आहे. तीस मोटारी सायंकाळी एकदम जोडल्या, तर सुमारे शंभर किलोवॉटचा भार इमारतीच्या मंजूर भारावर येऊन पडेल. यावर तोड अशी की, चार्जिंगसाठी महावितरणकडून स्वतंत्र जोडणी घ्यावी, प्रत्येक वाहनास उपमीटर बसवावा आणि चार्जर परस्परांशी संधान राखून भार वाटून घेतील अशी प्रणाली स्वीकारावी. मग सायंकाळी सातला आलेल्या गाडीची पाळी मध्यरात्रीनंतर, उद्वाहन आणि पाण्याचा पंप विसावल्यावर येते, आणि तीसही गाड्या एकाच केबलवर सकाळपर्यंत आपापल्या गरजेपुरत्या भरून निघतात.