गॅमा किरणांचे कोडे आणि खोडदचे स्पंदक

गॅमा किरण टिपणारी फर्मी दुर्बीण ११ जून २००८ रोजी अवकाशात गेली. पुढच्याच वर्षी लिसा गुडइनफ आणि डॅन हूपर यांनी तिच्या नोंदींतली एक विसंगती दाखवली. ज्ञात स्रोतांचा वाटा वजा केल्यावरही आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारे काही गॅमा किरण शिल्लक राहत होते. कृष्णद्रव्याचे, म्हणजे थेट न दिसणाऱ्या अज्ञात पदार्थाचे, कण एकमेकांना भिडून नष्ट होत असतील तर असेच किरण निघतील, असे त्यांनी सुचवले. जगभर उत्साहाची लाट आली.

लवकरच दुसरा दावेदार पुढे आला: मिलिसेकंद स्पंदक. सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे हे मृत ताऱ्यांचे गाभे जवळपास तशाच ऊर्जेचे गॅमा किरण फेकतात. पुण्याचा या कहाणीशी संबंध येतो तो इथेच.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. फर्मीला दिसलेल्या पण ओळख न पटलेल्या स्रोतांच्या दिशेने पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी ती वळवली. २०१३ मध्ये भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी अशाच एका स्रोताच्या जागी एक स्पंदक सापडल्याचे जाहीर केले. तो २.१६ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो आणि जोडीदार ताऱ्याला हळूहळू झिजवतो. पाठोपाठ जयंत रॉय आणि सहकाऱ्यांना १.६९ मिलिसेकंदांचा आणखी एक मिळाला. हे स्पंदक आपल्या तुलनेने जवळचे आहेत; पण असे तारे किती आणि केवढे तेजस्वी, याचा अंदाज त्यांच्यावरूनच बांधावा लागतो.

२०१६ मध्ये दोन गटांनी केंद्राकडच्या किरणांत बिंदूरूप स्रोतांच्या खुणा दाखवल्या आणि पारडे स्पंदकांकडे झुकले. २०१९ मध्ये रेबेका लीन व ट्रेसी स्लेटियर यांनी त्यातल्या एका पद्धतीची मर्यादा उघड केली आणि कृष्णद्रव्य पुन्हा शर्यतीत आले. वाद थेट मोजणीने मिटवणेही सोपे नाही. केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर. वाटेतला आयनित वायू रेडिओ स्पंद पसरट करून टाकतो. त्यामुळे तिथले स्पंदक थेट मोजणे फार अवघड आहे.

या वर्षांचा माझ्या मते धडा एकच. ज्ञात ताऱ्यांची मोजदाद पुरी झाल्याशिवाय अज्ञात कणाचा दावा टिकत नाही, आणि खोडदने ती मोजदाद पुढे नेली आहे. भारत आता एसकेए या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण प्रकल्पात १,२५० कोटी रुपयांच्या मंजुरीसह सहभागी आहे. पण खोडदची दुर्बीण आजही कामाची आहे आणि मोबाइल-यंत्रांच्या रेडिओ गोंगाटात तिला हे क्षीण स्पंद टिपता येणार नाहीत. जुन्नर-नारायणगाव परिसरात विकासाची आखणी करताना तिची शांतता राखा.