सहा आयनांचा हिशेब

एक लिटर पाणी घ्या. त्याचे एक अब्ज भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी. जे हाती येईल (म्हणजे काहीच नाही!), साधारण तेवढीच जागा मेंदूतल्या चेतापेशीच्या शाखेवर असलेल्या एका लहानशा फुगोट्यात असते. अभ्यासक त्याला स्पाइन म्हणतात. शेजारच्या पेशीकडून आलेला संदेश इथे उतरतो. पेशी शांत असताना अशा जागेत मोकळे कॅल्शियम आयन असतात सरासरी सहाच्या आसपास. या मूठभर आयनांच्या चढउतारावर पुढची रासायनिक साखळी हलते, आणि शिकणं, लक्षात ठेवणं या गोष्टींची मुळं तिथपर्यंत जातात.

हे संगणकावर उभं करायचं कसं? विजेचा झटका मिलिसेकंदात संपतो, रसायनांचा खेळ मिनिटं न् मिनिटं चालतो. दोन्ही एकत्र चालवणारी 'मूज' नावाची सॉफ्टवेअर प्रणाली बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये, उपिंदर भल्ला यांच्या प्रयोगशाळेत घडली. ही संस्था मुंबईच्या टीआयएफआरचीच शाखा, कृषी विद्यापीठाच्या आवारात वसलेली. मूजचा गाभा सी++मध्ये, वापरणाऱ्याशी बोलणं पायथॉनमध्ये, आणि सगळा कोड खुला. तो कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. गूगलच्या 'समर ऑफ कोड'मधून विद्यार्थीही त्यात भर घालत आले आहेत.

मला खरं नवल वाटतं ते इथे. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं असा कोड बदलणार. वेग वाढला, हे घड्याळ सांगेल; उत्तर बरोबर राहिलं, हे कोण सांगणार?

त्याची सोय मूजच्याही आधी झाली होती. 1992 साली भल्ला, बिलिच आणि बाउअर यांनी 'रॅलपॅक' नावाच्या तीन कसोट्या मांडल्या. पहिलीत चेतातंतू म्हणजे नुसती निष्क्रिय केबल. तिचं उत्तर गणिताने काढता येतं, त्यामुळे कुठल्याही प्रणालीला कागदावरच्या आकड्याशी ताडून बघता येतं. दुसरीत त्या केबलला फांद्या फुटतात. तिसरीत हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952मध्ये मांडलेल्या समीकरणांनुसार धावणारा जिवंत संदेश. इथे कागदावर नेमकं उत्तरच नाही! मग वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेल्या प्रणाली एकाच आलेखावर येतात का, हे पाहायचं. सुधारणा ठरवण्याआधी कसोटी ठरवायची, ही शिस्त मला कोडपेक्षाही देखणी वाटते.

सहा आयनांपाशी मात्र ही कसोटीही अपुरी पडते. साधी समीकरणं 'साडेपाच आयन' असं बिनदिक्कत सांगतात, आणि अर्धा आयन कुठे नसतो. म्हणून गिलेस्पी यांच्या 1977च्या पद्धतीने फासे टाकत जायचं: पुढची अभिक्रिया कोणती, किती वेळाने. पण फासे आले की दर वेळी निकाल वेगळा. यादृच्छिक आकडे वापरण्याचा क्रम कुणी जरासा बदलला तरी सगळा आलेख पालटतो, चूक काहीच नसताना. म्हणून एका धावेवर निवाडा करता येत नाही. शेकडो धावा घ्यायच्या आणि त्यांची सरासरी व विखुरणं जुन्याशी जुळतं का ते बघायचं. अशी चाचणी लिहिणं हे नवी सोय लिहिण्याइतकंच कष्टाचं, आणि त्याचं कौतुक फारच कमी होतं.

आवृत्त्यांची नावं तेवढी हलकीफुलकी आहेत: 4.0 म्हणजे जलेबी, 4.1 म्हणजे झांगरी, आपल्याकडच्या इमरतीची दाक्षिणात्य बहीण. पण नाव कितीही गोड असो, प्रत्येक बेतावर एक बंधन असतंच. 'जेनेसिस' या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेली रासायनिक मॉडेल्स मूज आजही वाचते. एखाद्या फंक्शनचं नाव सुटसुटीत करावं म्हटलं, तरी आधी विचारावं लागतं की त्या नावाच्या भरवशावर कुठल्या देशात कुणाचा प्रबंध अडकून बसला आहे.