‘सुरक्षा’ शिकायची, पण कोणाची?

लेकीने राज्यशास्त्रात बी.ए. केले आणि एका रात्री दस्तरख्वानवर विषय काढला, ‘‘अब्बा, मला युरोपात सुरक्षा अभ्यासात मास्टर्स करायचे आहे.’’ आम्ही नवरा-बायको गप्पच झालो. हे शिक्षण पोलिसांचे की फौजेचे? परक्या मुलखात या विषयासोबत आपले नाव वाचून कोण काय समजेल? आणि खर्चाचे काय?

मग महिनाभर आम्ही तिच्यासोबत बसून माहिती काढली. पहिली गोष्ट कळली ती ही की, नाव सारखे असले तरी अभ्यास सारखा नसतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा युद्ध अभ्यास विभाग लष्कर आणि रणनीतीसाठी नावाजलेला. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाचा हेग शहरातील एक वर्षाचा अभ्यासक्रम संकट आणि सुरक्षा व्यवस्थापनाचा. ग्लासगो, डब्लिन आणि प्राग येथील विद्यापीठांचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम गुप्तवार्ता आणि रणनीतीचा.

मुलीला मात्र वेगळेच शिकायचे होते. कोपनहेगन परंपरेच्या बॅरी बुझान, ओले वेव्हर आणि याप दे विल्ड यांनी १९९८ मध्ये मांडले की, सत्तेवरचे लोक एखाद्या प्रश्नाला, कधी एखाद्या समाजाला ‘धोका’ म्हणतात. लोकांनी ते मानले की एरवी न चालणारे उपायही रास्त वाटू लागतात. त्याआधी १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात महबूब उल हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्न, आरोग्य, रोजगार यांनाही सुरक्षेत धरले होते. हे ऐकले आणि आमची अर्धी भीती गेली. आपल्या मुलांनी हा विषय टाळण्यापेक्षा तो शिकणेच बरे, असे वाटले.

आता पैसा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावर व्याज-सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद आहे, आणि सूद द्यायला आमचे मन तयार नाही. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुधा शिक्षण शुल्क नसते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच बंद खात्यात दाखवावा लागतो. इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क माफ आणि महिना १,४०० युरो. तिचे बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात.

नोकरीचेही आधीच विचारून घ्यावे. त्या देशांच्या गुप्तचर खात्यांत सहसा तिथल्याच नागरिकांना घेतात. आपल्या मुलांना वाट आहे ती संशोधन संस्था, मदतकार्य, सायबर सुरक्षा आणि कंपन्यांच्या जोखीम विभागांत.

म्हणून पालकांनो, विद्यापीठाच्या नावाआधी विषयांची यादी वाचा, शिकवणाऱ्यांचे लेखन पाहा, तिथे शिकलेल्यांशी बोला. आमच्या लेकीने तीन अर्ज भरले आहेत. पहिला निबंध तिने आम्हा दोघांना वाचून दाखवला, आणि या वेळी प्रश्न विचारायला तिची अम्मीच पुढे होती.