पऱ्हाटीतली दुसरी साखर

कापूस वेचून झाला की शेतात उरते ती पऱ्हाटी. आमच्या सिंदी (रेल्वे)च्या शिवारात उन्हाळ्याच्या तोंडावर बाया ती उपटतात. थोडी चुलीसाठी घरी येते, बाकीची धुऱ्यावरच पेटवली जाते. रचून ठेवावी तर तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. अशा या काडीकचऱ्यापासून गाडीचं इंधन, म्हणजे इथेनॉल, होऊ शकतं असं वाचलं आणि मी त्याच्या मागेच लागले!

पावाचं पीठ कशानं फुगतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. यीस्ट नावाचा इवलासा जीव साखर खातो आणि वायू व अल्कोहोल बाहेर टाकतो. पहाटे गोड असलेला शिंदीचा रस ऊन चढेस्तोवर आंबतो, तोही असाच. उसाच्या मळीपासून इथेनॉल करतात तेही याच जिवाकडून. आपल्या राज्यात २००३ पासून पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०२५ पर्यंत देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं.

पऱ्हाटीतही साखर आहे, पण कुलपात! आधी वाफ, आम्ल वापरून काडी मऊ करायची, मग विकरं घालून साखर मोकळी करायची. त्यातून मुख्यतः दोन साखरा निघतात, ग्लुकोज आणि झायलोज. आपलं नेहमीचं यीस्ट ग्लुकोज चट्टामट्टा करतं, झायलोजला मात्र तोंड लावत नाही. लेकरू कसं पोळी खातं आणि भाजी ताटात तशीच ठेवतं, अगदी तसं. एवढी साखर वाया गेली तर कारखान्याला परवडणार कसं?

ही खोड मोडणाऱ्यांत एक बाई आहेत, याचं मला फार कौतुक वाटलं. मूळच्या चीनच्या नॅन्सी हो यांनी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठात १९९३ मध्ये यीस्टमध्ये झायलोज पचवणारी जनुकं घातली. दोन्ही साखरा खाणारं यीस्ट तयार झालं! तरी अडचणी संपल्या नाहीत. काडी शिजवताना यीस्टला बाधणारे पदार्थही तयार होतात. ते सोसणारं काटक यीस्ट घडवण्याचं काम अजून जगभर चालू आहे.

आपणही मागे नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत यावर संशोधन झालं. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभा राहिलेला हरियाणातल्या पानिपतचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण करण्यात आला. वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याचं त्याचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. पऱ्हाटी पेंढ्यापेक्षा टणक, लाकडासारखी. त्यामुळे तिची साखर सोडवणं जास्त जिकिरीचं. पण आज ना उद्या तेही साधेल.

हे सगळं मी आमच्याकडे कामाला जाणाऱ्या एका बाईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "थे सारं खरं ताई, पण पऱ्हाटी कारखान्यात गेली तं माही चूल कायनं पेटवू?"

मी गप्पच झाले. तिच्या घरात गॅस आहे, पण सिलिंडर भरायला दर वेळी पैसे कुठून आणणार? पऱ्हाटी उपटायची तिनं, तिचं सरपणही तिचंच. आज त्याला कुणी हरकत घेत नाही, कारण त्याला किंमत नाही. उद्या टनाचा भाव निघाला की पैसे सातबाऱ्यावर नाव असेल त्याला मिळतील. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती घरांत असतं, हे तुम्हीच आठवून पाहा!

म्हणून मला वाटतं, असा कारखाना आपल्या भागात यायच्या आधीच काही गोष्टी ठरायला हव्यात. पऱ्हाटी गोळा करण्याचं, तिचे तुकडे करण्याचं काम बचत गटांना मिळावं. मजुरी रोख नि बाईच्याच खात्यात जमा व्हावी. चुलीपुरतं सरपण तिच्यासाठी राखून ठेवावं, नाहीतर त्या बदल्यात सिलिंडर तरी द्यावा. ग्रामसभेत हा विषय काढायला कारखान्याची वाट कशाला पाहायची? आपण आत्ताच बोलू या ना!