धोतरा एक नव्हे, दोन

धोतरा म्हटला की बांधावरचे काटेरी फळ डोळ्यांपुढे येते. पण हे नाव आपण दोन निराळ्या झाडांना देतो. दोन्ही विषारी, मात्र दोघांचे विष वेगळे. म्हणून हा नावाचा घोटाळा आम्ही येथे उलगडून सांगत आहोत.

खऱ्या धोतऱ्याला कर्ण्यासारखी पांढरी किंवा जांभळट फुले येतात. त्याचे नाव संस्कृत ‘धत्तूर’ या शब्दावरून आले. त्याचे शास्त्रीय नाव ‘दातुरा’ हेही आपल्याकडच्याच नावावरून घेतलेले आहे. हे झाड वांगी, मिरची यांच्या कुळातले. त्याचे बी पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस बरळू लागतो.

पिवळा धोतरा मूळचा मेक्सिकोचा, अफूच्या कुळातला. बोंड काटेरी म्हणून त्यालाही धोतराच म्हणू लागले. हिंदी मुलखात त्याला ‘सत्यानाशी’ म्हणतात. फूल पिवळे, पाने काटेरी व पांढऱ्या शिरांची; देठ मोडला की पिवळा चीक येतो. खऱ्या धोतऱ्याला असा चीक नसतो.

पिवळ्या धोतऱ्याचे बारीक काळे बी मोहरीसारखे दिसते, आणि खरा धोका तेथेच आहे. हे बी मोहरीबरोबर घाण्यात गेले की तेल विषारी होते. पायांना सूज येते, धाप लागते, हृदय दुबळे होते. काहींची दृष्टीही जाते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने साठाहून अधिक माणसे दगावली. ग्वाल्हेरकडे मोहरीचे पीक मोठे आणि घरोघरी तेलही तेच. तेथील आपल्या शेतकरी बंधुभगिनींनी विशेष जपावे.

पिवळा धोतरा बोंडे पिकण्यापूर्वीच मुळासकट उपटावा. मोहरी कापताना तो पेंढीत येऊ देऊ नये. घाण्यावर नेण्याआधी बी निवडून पाहावे : मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो, याचा खडबडीत.

घरात एकाहून अधिक माणसांचे पाय सुजले तर ते तेल तत्काळ बंद करावे, थोडे बाटलीत राखून डॉक्टरांना दाखवावे. मुलाने धोतऱ्याचे बी खाल्ले असेल तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे, आणि झाडाची फांदी बरोबर घ्यावी. नुसते ‘धोतरा’ म्हटल्याने डॉक्टरांना पुरता उलगडा होणार नाही. कोणता धोतरा, हे फांदीच सांगेल.