शाळेचे संकेतस्थळ आणि ‘वर्डप्रेस’

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापडे हे गाव आहे. अशा डोंगराळ भागातील शाळांतून परिसराचा अभ्यास पुष्कळ होतो. सावित्री नदी, उमरठ येथील नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी, भात व नाचणीची शेती, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली गाणी यांविषयी मुले लिहितात. परंतु वर्ष संपले की हे लेखन वह्यांबरोबर नाहीसे होते. ते टिकावे व मुंबईस गेलेल्या गावकऱ्यांसही वाचता यावे, यासाठी शाळेचे संकेतस्थळ हे उत्तम साधन होय. मात्र ते एकाच उत्साही शिक्षकावर अवलंबून राहिले, तर त्याच्या बदलीबरोबर बंद पडते. हा धोका टाळण्याचा मार्ग ‘वर्डप्रेस’ या प्रणालीच्या इतिहासातच सापडतो.

प्रणालीचे स्वरूप

वर्डप्रेस ही आशय-व्यवस्थापन प्रणाली आहे. पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान संगणकाच्या सांकेतिक भाषेत हाताने लिहावे लागे. या प्रणालीत मजकूर डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या कोठारात, साठविला जातो. पानाचे रूप ‘थीम’ ठरविते. आणि वाचकाने पान मागताच प्रणाली दोहोंचा मेळ घालून ते पुढे ठेवते. त्यामुळे शिक्षकास केवळ मजकूर लिहून ‘प्रकाशित करा’ एवढी आज्ञा द्यावी लागते. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे याच प्रणालीवर चालतात.

उगम

२००१ साली मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने ‘बी-टू’ नावाची प्रणाली रचली. काही काळाने त्याच्याकडून सुधारणा येणे थांबले व तिचा वापर करणारे लोक अडचणीत आले. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतील मॅट मुलेनवेग या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने ही प्रणाली पुढे चालविण्याची इच्छा जाहीर केली. इंग्लंडमधील माइक लिट्ल याने त्यास साथ देण्याची तयारी दर्शविली. दोघांच्या परिश्रमातून २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढे वाल्द्रिगी स्वतःही या कार्यात सामील झाला.

मूळ कर्ता गप्प झाला असताही काम थांबले नाही, याचे कारण ‘बी-टू’चा परवाना. ती ‘जीपीएल’ या मुक्त परवान्याखाली दिलेली होती. या परवान्यानुसार कोणासही प्रणाली वापरता येते, तिची रचना अभ्यासता येते, तीत बदल करता येतो व बदललेली प्रत इतरांस देता येते. अट एवढीच की, पुढे देतानाही हेच हक्क कायम ठेवावे लागतात. वर्डप्रेसचा परवानाही हाच आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी तिची भाषांतरे केली असून त्यांत मराठीही आहे.

मांडणीची रीत

१. प्रथम संकेतस्थळाचे नाव नोंदवावे व सर्व्हरवर जागा घ्यावी. यास दरवर्षी शुल्क पडते. वर्डप्रेस मात्र विनामूल्य मिळते.

२. सर्व्हरवर एक रिकामा डेटाबेस तयार करावा. त्याचे नाव, वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड टिपून ठेवावेत.

३. वर्डप्रेसची संकुचित फाइल अधिकृत ठिकाणाहून उतरवून, उलगडून सर्व्हरवर चढवावी.

४. ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचा पत्ता उघडावा. प्रथम भाषांची यादी येते. तीत ‘मराठी’ निवडावी. नंतर डेटाबेसचा टिपलेला तपशील भरावा.

५. शेवटी शाळेचे नाव, प्रशासकाचे नाव, पासवर्ड व ईमेल भरून आज्ञा द्यावी. पूर्वतयारी नीट असल्यास ही शेवटची कृती काही मिनिटांत पुरी होते.

जेथे इंटरनेट क्षीण आहे, तेथे शाळेच्या संगणकावर ‘झॅम्प’ हा संच बसवून हीच मांडणी सरावासाठी करता येते.

कामाची वाटणी

वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक, योगदाता व सदस्य असे पाच दर्जे आहेत. योगदात्यास लिहिता येते, परंतु प्रकाशित करता येत नाही. यास्तव मुलांच्या गटास योगदात्याचा व वर्गशिक्षकास संपादकाचा दर्जा द्यावा, म्हणजे प्रत्येक लेख तपासूनच बाहेर जाईल. मुलांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक कदापि प्रसिद्ध करू नयेत.

जतन व हस्तांतर

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. एकाच ठिकाणी ठेवलेले दप्तर अशा वेळी वाचत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. दरमहा डेटाबेस व फाइली या दोहोंची प्रत काढून ती निराळ्या ठिकाणी ठेवावी. यांपैकी एकच प्रत असल्यास संकेतस्थळ पूर्ववत उभे करता येत नाही. प्रणालीच्या नव्या आवृत्त्याही वेळोवेळी घ्याव्यात, कारण जुन्या आवृत्तीतील उणिवांतून परके लोक आत शिरतात.

नावाची नोंदणी व प्रशासकाचे खाते कोणाही व्यक्तीच्या नव्हे, तर शाळेच्या ईमेलवर असावे. नूतनीकरणाची तारीख दप्तरात लिहावी. बदलीच्या वेळी जडसंग्रहाबरोबर संकेतस्थळाचाही चार्ज द्यावा व नव्या शिक्षकाकडून पासवर्ड बदलून घ्यावा. मुक्त परवान्यामुळे कर्त्यामागे प्रणाली टिकली. त्याचप्रमाणे व्यवस्थित दिलेल्या चार्जमुळे शिक्षकामागे मुलांचे लेखन टिकेल.